संघाचा कर्ता कोण?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी अशा विषयांवरील अभ्यासपूर्ण लेख वाचण्याची आपणां सर्वांना सवय आहे. यंदा संपादक मंडळाने ‘दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहा’ असा प्रेमळ आग्रह धरला, आणि माझ्या मनात पहिला विषय आला तो बास्केटबॉलचा. होळकरांच्या आणि सी. के. नायडूंच्या या इंदूर नगरीत क्रिकेट सोडून दुसऱ्याच खेळाचे गुणगान करणे हे काहींना धाडसाचे वाटेल. तथापि विद्यार्थिदशेपासून या खेळाने मला जो लळा लावला, तो अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून तीन दशके घालविल्यानंतरही सुटलेला नाही. आजही सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाण्यापूर्वी अमेरिकेतील सामन्याचा थोडा भाग पाहिल्यावाचून मला चहा गोड लागत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ‘फ्रँचायझी स्टार’ असा एक शब्दप्रयोग आहे. सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू एवढाच त्याचा अर्थ नव्हे. ज्याच्याभोवती दहा-पंधरा वर्षांचा संसार उभारता येईल, ज्याच्या भरवशावर इतरांची निवड होईल आणि पराभवाच्या काळातही ज्याच्याकडे पाहून गाव संघाला सोडणार नाही, असा तो खेळाडू. आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीतला नेमका शब्द वापरायचा तर तो ‘घरचा कर्ता’. आज विशी-बाविशीत असलेल्या खेळाडूंपैकी असा कर्ता कोण होऊ शकेल, या प्रश्नाला माझे उत्तर आहे सॅन अँटोनियो स्पर्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा. मात्र या उत्तराला एक अट जोडलेली आहे, आणि ती अट आपल्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

४ जानेवारी २००४ रोजी फ्रान्समध्ये जन्मलेल्या या तरुणाची उंची सात फूट चार इंच. जून २०२३ मध्ये नवोदितांच्या निवडीत स्पर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात ७१ सामन्यांत सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ अडविलेले फटके अशी कामगिरी करून तो एकमताने सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध त्याने २६ गुण केले व फ्रान्सला रौप्यपदक मिळाले. परंतु आकड्यांपलीकडची गोष्ट अशी, की तो बास्केटखाली नुसता उभा राहिला तरी प्रतिस्पर्ध्याची पावले बिचकतात. चेंडू घेऊन वेगाने आत शिरलेला खेळाडू त्याला पाहून आल्यापावली माघारी वळतो. हा धाक कोणत्याही गुणपत्रकात मावत नाही.

आता विरुद्ध पक्ष. काही जाणकारांचे म्हणणे असे, की इतक्या उंच देहावर संसार उभारणे म्हणजे वाळूवर वाडा बांधणे. त्यांची उदाहरणे खोटी नाहीत. सात फूट चार इंचांचाच राल्फ सॅम्पसन १९८३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि गुडघ्यांनी त्याचा घात केला. चीनचा याओ मिंग पायाच्या वारंवार होणाऱ्या अस्थिभंगांमुळे २०११ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. २००७ मध्ये पोर्टलंडने केव्हिन ड्युरंटला बाजूला ठेवून ज्या ग्रेग ओडेनला प्रथम निवडले, त्याला साऱ्या कारकिर्दीत केवळ १०५ सामने खेळता आले. म्हणून स्पर्सने आपला भार स्टेफन कॅसल किंवा डिलन हार्पर या सामान्य बांध्याच्या तरुण गार्डांवर टाकावा, असा हा युक्तिवाद आहे. कॅसल २०२४-२५ चा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला होता आणि हार्पर २०२५ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर आला होता. दोघेही गुणी आहेत, यात शंका नाही.

तरीही मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. सात फूट दोन इंचांचा करीम अब्दुल-जब्बार वीस हंगाम खेळला आणि बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. म्हणजे उंची ही जोखीम आहे, निदान नव्हे. आपण रुग्णाला जोखीम सांगतो ती त्याने जगणे सोडावे म्हणून नाही, जपून जगावे म्हणून सांगतो.

आणि जपण्याचा प्रसंग फार लवकर आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यातील खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. हात वारंवार डोक्यावर नेणाऱ्या खेळाडूंमध्ये पहिली बरगडी आणि हासळीचे हाड यांच्यामधून जाणारी शीर दाबली जाऊन असे घडू शकते, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो आहोत. त्याच्या बाबतीत कारण काय होते, हे दुरून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ खेळता येत नाही, एवढे स्पष्ट आहे. मायामीच्या क्रिस बॉशची कारकीर्द २०१६ मध्ये अशाच गुठळ्यांनी संपविली होती. स्पर्सने वेम्बान्यामाचा उर्वरित हंगाम तत्काळ थांबविला. त्या वर्षी तो ४६ सामनेच खेळला. पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट असल्याने सर्वोत्तम बचावपटूचा जवळजवळ निश्चित मानला जाणारा मानही गेला. जुलैमध्ये त्याला खेळण्याची परवानगी मिळाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये डॅलसविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ४० गुण केले. पुढे नोव्हेंबरमध्ये पोटरीचा स्नायू दुखावला, तेव्हा १२ सामने त्याला बसविले गेले आणि परतल्यावरही आरंभी मोजकीच मिनिटे देण्यात आली. पोटरीच्या दुखण्याकडे कानाडोळा केल्यास काय होते, हे जून २०२५ च्या अंतिम सामन्यात साऱ्यांनी पाहिले होते. पोटरी दुखत असताना मैदानात उतरलेल्या इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनची टाचेची शीर तुटली.

या घराण्याची परंपराच अशी धीराची आहे. १९८७ मध्ये स्पर्सने डेव्हिड रॉबिन्सनची निवड केली, तेव्हा त्याची नौदलातील दोन वर्षांची सेवा बाकी होती. संघ १९८९ पर्यंत थांबला. १९९७ मध्ये आलेल्या टिम डंकनच्या गुडघ्यातील कूर्चा एप्रिल २००० मध्ये फाटली. संघ आदल्या वर्षीचा विजेता होता आणि बाद फेरी तोंडावर होती. तरीही डंकनला खेळविले गेले नाही, आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. त्या दिवशी कदाचित टीकाही झाली असेल. पण तोच डंकन २०१६ पर्यंत, एकंदर १९ हंगाम, त्याच संघासाठी खेळला आणि २००३, २००५, २००७ व २०१४ अशी आणखी चार विजेतेपदे त्याच्या हातून आली. कर्ता पुरुष असा घडतो. त्याला घडविण्यात प्रशिक्षकाइतकाच वाटा ‘आज नाही’ असे म्हणणाऱ्या वैद्याचाही असतो.

मित्रहो, हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे, ते सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. अनेक वर्षांपूर्वी सोळा वर्षांचा एक उंचेला मुलगा माझ्याकडे आला होता. नडगीच्या हाडाच्या पुढच्या बाजूस ताणामुळे बारीक तडा गेला होता. क्ष-किरण चित्रात ती काळी रेघ स्पष्ट दिसत होती. निवड चाचणी आठ दिवसांवर होती. वडील हात जोडून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एवढी एकच संधी आहे, खेळू द्या त्याला.” मुलानेही काही दुखत नसल्याचे सांगितले. मी पट्टी बांधण्याचा सल्ला दिला आणि प्रमाणपत्रावर सही केली. चाचणीच्या उत्तरार्धात उडी मारून उतरताना ते हाड पूर्ण मोडले. पुढे शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण तो मुलगा पुन्हा पूर्वीसारखा खेळला नाही. आता तो नोकरीत स्थिरावला आहे आणि आपल्या आईला दाखवायला माझ्याकडेच येतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. ती सही मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या वडिलांना मी नकार दिला असता, तर तो मुलगा मोठा खेळाडू झालाच असता असे नाही. एक हंगाम हुकला असता, एवढे मात्र खरे. सोळाव्या वर्षी एक हंगाम म्हणजे सर्वस्व वाटते. ते सर्वस्व नाही, हे सांगण्यासाठीच आपण तेथे बसलेलो असतो.

म्हणून माझ्या अल्पमतीनुसार वेम्बान्यामा हा स्पर्सचा पुढील कर्ता होण्यास सर्वथा योग्य आहे, फक्त त्याच्या देहाचा हिशेब हंगामागणिक न मांडता पंधरा वर्षांचा मांडला गेला पाहिजे. विजेतेपदाच्या अखेरच्या सामन्यापूर्वी त्याचा घोटा सुजलेला असेल आणि सारे शहर त्याला मैदानात पाहण्यासाठी आसुसलेले असेल, तेव्हा या अटीची खरी परीक्षा होईल.

आपल्या गावातही उंच मुले आहेत, आणि निवड चाचण्या दर वर्षी होतात. यंदाच्या मोसमात अशा एखाद्या मुलाचे वडील प्रमाणपत्राचा कागद घेऊन आपल्यासमोर बसतील. आपण त्यांना चहा द्यावा, चित्र खिडकीच्या उजेडात धरून ती रेघ दाखवावी, आणि लेखणी खिशातच राहू द्यावी, एवढीच या वैद्यकबंधूची विनंती.