जवानाच्या बायकोला कुणी विचारलं?

मैत्रिणींनो, फेब्रुवारी २०१७ आठवतोय? जिल्हा परिषदेच्या प्रचारात पंढरपूर तालुक्यातल्या भोसे गावी आमदार प्रशांत परिचारक यांनी भाषणात एक उदाहरण दिलं, तेही सैनिकांच्या बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं. ते इथे पुन्हा लिहवत नाही. राज्यभर संताप झाला, त्यांनी माफी मागितली, मार्चमध्ये विधान परिषदेनं त्यांना दीड वर्षासाठी निलंबित केलं.

मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं, प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. एप्रिलमध्ये औशाच्या सभेत पंतप्रधान मोदींनी नवमतदारांना विचारलं, पहिलं मत बालाकोटच्या वीरांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित कराल का? आयोगाला त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. मला मात्र खटकलं.

एकीकडे अपमान, दुसरीकडे गौरव; दोन्ही एक नव्हेत, कबूल. पण मागायचं होतं मतच ना? नवरा सीमेवर असताना सासूचं औषधपाणी, पोरांची शाळा, शेताचा बांध, सगळं एकटीनं ओढणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का, तुझ्या घरचं दुःख आमच्या सभेत चालेल का म्हणून? (विचारलं असतं तर तिनं काय सुनावलं असतं!)

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, की पाणी द्या आणि हे विचाराच.