एकदा ऐकाच: खोल पाण्याचा आवाज

मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) तुमच्या फोनमध्ये असेलच. पण मोटाऊननेच आदल्या वर्षी काढलेला फोर टॉप्सचा 'स्टिल वॉटर्स रन डीप'? नाही ना? मग या वीकेंडला हेडफोन लावा.

एरवी जीव तोडून गाणारा लीवाय स्टब्ज इथे चक्क आवाज खाली आणतो. मागे बाकीच्या तिघांचे सूर, एकदम मखमली! त्यातला ओबी बेन्सन. पोलिसांनी आंदोलकांना मारलेलं पाहून 'व्हॉट्स गोइंग ऑन' गाणं सुचलं ते त्यालाच. ग्रुपला 'निषेधगीत' नको होतं, म्हणून ते मार्विनकडे गेलं. मार्विन अमर झाला. हा अल्बम मागेच राहिला. मला तरी हे पटत नाही.

२०२४ मध्ये मूळ चौघांपैकी शेवटचा, ड्यूक फकीरही गेला. आता ऐकणं आपल्याच हातात!