दंड कुणाच्या नावे?

परवा संध्याकाळी आमच्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. एरवी तिचा फोन रविवारी यावयाचा. तो मंगळवारी आलेला पाहून आम्ही प्रथम सर्वांच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती सर्वांच्या उत्तम होत्या. “मामा, मला दंड झालाय,” ती म्हणाली. आवाज इतका कापरा होता की हिने मोटार कुणाच्या अंगावर घातली की काय, अशी शंका आम्हांस आली. पण प्रकरण तसले नव्हते. घरात टीव्हीचा परवाना नव्हता, तपासनीस दाराशी आला, जावई कचेरीत गेलेले, हिने दार उघडले, विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे दिली आणि स्वतःचे नाव सांगितले. काही महिन्यांनी न्यायालयाचा कागद आला तो तिच्या नावे. एका दंडाधिकाऱ्याने केवळ कागद पाहून निकाल दिला. दंड, खटल्याचा खर्च आणि वर ‘पीडितांसाठीचा अधिभार’. या गुन्ह्यात पीडित कोण, हे तिला उमगले नाही, आम्हांसही नाही.

तिचे म्हणणे असे की, घरात टीव्हीचा पडदा असला तरी ती मंडळी जे पाहतात ते इंटरनेटवरून. पण बीबीसीच्या आयप्लेअरवरील कार्यक्रम पाहावयाचे तर १ सप्टेंबर २०१६ पासून तिकडे परवाना लागतो, ही गोष्ट तिच्या गावीही नव्हती. परवान्याची वार्षिक फी २०२५च्या एप्रिलमध्ये १७४ पौंड ५० पेन्स झाली होती. दंड जास्तीत जास्त १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. पैशांचे तिला फारसे वाटत नव्हते. नागरिकत्वाच्या अर्जात हे लिहावे लागेल काय, या विचाराने तिची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुटीत आम्ही ही हकीगत सांगितली, तेव्हा आमचे तरुण सहकारी हसू लागले. टीव्हीला परवाना? बंदूक आहे काय ती? त्यांचा दोष नाही. त्यांच्या जन्मापूर्वीच आपल्या देशातून हा परवाना गेला. परंतु ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्या वाचकांना ती छोटी पुस्तिका नक्कीच आठवत असेल. वर्षातून एकदा डाकघराच्या खिडकीशी उभे राहावयाचे, रेडिओचे १५ रुपये, टीव्हीचे ५० रुपये भरावयाचे, कारकुनाने पुस्तिकेत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का हाणावयाचा, की वर्षभर आकाशवाणी आणि दूरदर्शन ऐकण्यापाहण्यास आपण मोकळे.

यामागे इतिहास आहे. १९२७ साली मुंबई आणि कलकत्ता येथे खाजगी कंपनीने रेडिओकेंद्रे चालू केली, तेव्हा तिचे मुख्य उत्पन्न श्रोत्यांच्या परवाना-शुल्काचेच होते. ते पुरेना. शुल्क न भरता फुकट ऐकणारेही पुष्कळ होते. कंपनी १९३० साली बुडाली. नंतर सरकारने १९३३चा बिनतारी तारायंत्रांचा कायदा केला, आणि परवान्याशिवाय असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास १०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्यास २५० रुपयांपर्यंत. पुढे टीव्ही आला तोही याच कायद्याच्या छत्राखाली.

आमच्या हैदराबादेस दूरदर्शन केंद्र सुरू झाले १९७७ साली. काचीगुड्यातील आमच्या वाड्यात मात्र पहिला संच आला तो १९८२च्या दिवाळीत, एशियाडच्या ऐन तोंडावर. तोही आमच्याच घरी! आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि त्याने आपला ईसी टीव्ही अण्णांना हप्त्यांनी दिला. ईसी टीव्ही म्हणजे हैदराबादचेच अपत्य, येथल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या कारखान्यातले. कृष्णधवल चित्र, लाकडी पेटी, पुढे सरकती दारे. आईने त्यावर भरतकामाचे आच्छादन घातले आणि रोज सकाळी देवघर पुसून झाले की ती टीव्ही पुशी. संध्याकाळी वाड्यातील, आणि वाड्याबाहेरीलही, वीसपंचवीस मुले सतरंजीवर बसत.

संच आला, परवाना आला नाही. जुनी पुस्तिका त्या सहकाऱ्याच्या सामानात कुठे तरी बांधली गेली होती. ती सापडली की नाव बदलून घेऊ, हा पगार होऊ दे, पुढच्या महिन्यात पाहू, असे करता करता दोन महिने गेले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अण्णा हे बसमध्ये वाहक तिकीट द्यावयास विसरला तर उतरण्यापूर्वी त्याला शोधून पैसे देणारे गृहस्थ. आमच्या रेडिओच्या परवान्याची पुस्तिका म्हणजे नेमस्तपणाचा नमुना होता. एकाही वर्षाचा खंड नाही. असा मनुष्य टीव्हीच्या बाबतीत का चुकला, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. हप्त्यांनी हात आखडला होता, हे खरे. पण मनाने घेतलेली गोष्ट अंगावर आली की सरळ माणसेही जरा डोळे मिटून घेतात, असेच आम्हांस वाटते.

१९८३ची संक्रांत. हैदराबादेत संक्रांत म्हणजे पतंग. आदल्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर होतो आणि आमचा मांजा आमच्याच अँटेनात अडकला होता. तो सोडविण्याच्या खटपटीत असता खाली गल्लीतून एका वयस्क गृहस्थाने मान वर करून विचारले, “ये अँटेना किसका है, बाबा?”

“हमारा!” आम्ही ओरडून सांगितले. त्या एका शब्दात जेवढा अभिमान होता तेवढा पुढे आयुष्यात कोणत्याही प्रमाणपत्राने आम्हांस वाटला नाही.

गृहस्थ जिना चढून वर आले. आम्हीही पाठोपाठ खाली उतरलो. आई तीळ भाजीत होती. आपण परवाने तपासावयास आलो आहोत, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आईने हात पुसले आणि कपाटातून पुस्तिका काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी पाने उलटली, कौतुकाने मान हलविली आणि म्हणाले, “अम्मा, ये तो रेडिओ का है.” टीव्हीची दारे बंद होती, त्यावर आच्छादन होते. तो मोडका आहे, दुसऱ्याचा ठेवावयास दिला आहे, असे काहीही आईस सांगता आले असते. शेजारीपाजारी तशा युक्त्या ऐकू येत. तिने तसे काही केले नाही. तिने विचारले, आता काय होईल? ते म्हणाले, आठ दिवसांत डाकघरात फी आणि वर दंड भरा. न भराल तर प्रकरण कोर्टात जाईल. मग त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. “किसके नाम पे लिखूँ?”

आई क्षणभर थांबली. भाजलेल्या तिळांचा करपट वास येऊ लागला होता, तो आम्हांस अजून आठवतो. अण्णांच्या बढतीचा कागद त्या महिन्यात वरच्या कचेरीत गेलेला होता, हे आम्हां मुलांनाही ठाऊक होते.

“मेरे नाम पे लिखो,” आई म्हणाली. “टीव्ही मेरा है.”

तिने आपले पूर्ण नाव सांगितले आणि खाली सही केली, मराठीत, अक्षर न् अक्षर सुटे. आमच्या घरात घरभाड्याची पावती अण्णांच्या नावे, शिधापत्रिका अण्णांच्या नावे, विजेचे बिल घरमालकाच्या नावे. आईचे नाव असलेला पहिला सरकारी कागद तो.

संक्रांत झाल्यावर ती आम्हांस बोटाशी धरून डाकघरात गेली. पैसे तिने डब्यातून घेतले होते. ते हळदीकुंकवाच्या वाणासाठी साठविलेले होते. त्या वर्षी स्टीलच्या वाट्या लुटावयाच्या, असे तिने सुवासिनींना आधीच सांगून ठेवले होते. रथसप्तमीला वाटल्या गेल्या त्या गुळाच्या ढेपा, छोट्या छोट्या. कुणी काही बोलले नाही. एका काकूंनी मात्र ढेप हातात तोलून पाहिली, हे आम्ही पाहिले, आणि त्या काकू आम्हांस पुढे कधीच आवडल्या नाहीत.

अण्णांना सारे कळले ते तपासनीस आला त्याच संध्याकाळी. ते बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, “माझं नाव का नाही सांगितलंस?”

“मला विचारलं, मी सांगितलं,” आई म्हणाली आणि पाने मांडू लागली.

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. जमलेली मुले परत गेली. पुढे परवाना रीतसर झाला आणि तोही आईच्याच नावे करावा, असे अण्णांनी सुचविले. मुदत आली की पुस्तिका घेऊन ते स्वतः डाकघरात जात. पण रांग फार दिवस लागावयाची नव्हती. त्या दशकाच्या मध्यासच सरकारने हे परवाने रद्द केले, आणि आईच्या पुस्तिकेची बाकीची पाने कोरीच राहिली.

पुष्कळ वर्षांनी १९३३चा तो कायदा आमच्या वाचनात आला. सहाव्या कलमात एक मौजेची तरतूद आहे. यंत्र ज्याच्या दर्शनी ताब्यात दिसते, किंवा ज्या जागेवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे तेथे ते असेल, तर ते त्याच्याच ताब्यात आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. रोज सकाळी आच्छादन झटकणारी, दारे पुसणारी, मुलांना हात लावू न देणारी कोण होती? हप्ते फेडणारा कायद्याला दिसावयाचा नाही. दार उघडणारी दिसेल. त्या कायद्याची जागा घेण्यास आता २०२३चा दूरसंचार कायदा झाला. पण दार उघडणे हे काम अद्याप बहुतेक घरांत जिचे होते तिचेच आहे.

आणि हे केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. भाचीला धीर द्यावा म्हणून आम्ही थोडे शोधले, तेव्हा कळले की २०१७ साली इंग्लंडात या परवान्यापायी ज्यांच्यावर खटले झाले, त्यांत शंभरांत सत्तरांहून अधिक स्त्रिया होत्या. एवढी तफावत का, याची पाहणी परवाना वसूल करणाऱ्या यंत्रणेनेच केली. कारणांत एक कारण हे निघाले की, तपासनीस येतो तेव्हा घरी असणाऱ्या, दार उघडणाऱ्या आणि त्याच्याशी नीट बोलणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात. म्हणजे जी दार लावून घेते ती सुटते, आणि जी “या, काय हवंय?” असे विचारते तिचे नाव कागदावर चढते. भाचीस आम्ही हे सांगितले. तिला त्याने धीर आला की नाही, सांगता येत नाही.

आमची आई आता ऐंशीच्या घरात आहे. ऐकू थोडे कमी येते, म्हणून नातीचा फोन आम्ही मोठ्या आवाजात लावून तिच्यापुढे धरला. नातीने सारी हकीगत पुन्हा सांगितली. अण्णांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्या संक्रांतीचा विषय आमच्या घरात कुणी काढीत नाही, आणि नातीला तर ती गोष्ट मुळीच माहीत नव्हती. आईने किती पौंड, किती रुपये, काही विचारले नाही.

“नाव कुणाचं सांगितलंस?”

“माझंच, आजी. मीच होते ना घरी.”

“हं,” आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि त्यानं विचारलं का, माझं का नाही सांगितलंस म्हणून?”

पलीकडून उत्तर आले नाही. फोन बंद पडला असे समजून आम्ही तो कानाशी लावला. पण तो चालू होता.