आपल्याच समुद्रातला ज्वालामुखी

चेन्नईकरांनो, समुद्रात वादळ उठले की आपण सारे नुंगंबाक्कमच्या हवामान केंद्राकडे कान लावून बसतो. त्याच समुद्रापलीकडे, जवळपास आपल्याच अक्षांशावर, भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी धुमसतो आहे. त्याची चौकशी आपण कधी करणार?

१. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे. तिथे भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकातले पाणी सुटते, त्याने वरचा तप्त थर वितळू लागतो आणि शिलारस वर चढतो. दीडशेहून अधिक वर्षे गप्प बसलेला हा डोंगर १९९१ मध्ये उसळला. सप्टेंबर २०२५ मध्येही. बेटावर वस्ती नाही म्हणून निर्धास्त राहणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

२. सारे ज्वालामुखी सारखे नसतात. सह्याद्रीचे कडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या पातळ लाव्ह्याच्या थरांचे आहेत. इंडोनेशियातले शंकूसारखे ज्वालामुखी वेगळे. चिकट शिलारसात वायू कोंडतो आणि डोंगरच फुटतो. दोन्हींना एकाच मापाने मोजून चालणार नाही.

३. खरी भीती पाण्याची. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि ३६ हजारांवर माणसे गेली, बहुतेक लाटांमुळे. त्या लाटा मद्रासच्या भरतीमापकावरही उमटल्या. पुढच्याच महिन्यात इथला सूर्य हिरवा दिसला. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री तिथल्याच आनाक क्राकाटाउ ज्वालामुखीचा उतार समुद्रात कोसळला. मोठा भूकंप झालाच नाही, म्हणून इशाराही मिळाला नाही. चारशेहून अधिक बळी गेले. २००४ च्या सुनामीनंतर हैदराबादेत सुनामी इशारा केंद्र उभे राहिले, याचा अभिमान आहेच. पण 'जमीन हलली की पळा' एवढ्यावर मरीनाकाठच्या मच्छीमाराचा जीव सुरक्षित राहील का? भूकंपाविना येणाऱ्या लाटेची तयारी हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

४. राखेला सीमा नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि राख दिल्लीपर्यंत आली. विमाने रद्द झाली. हे काचेसारखे कण इंजिनात वितळून चिकटतात. उद्या अंदमानकडची हवाई वाट अडली, तर प्रवाशांना वेळेत कोण सांगणार?

५. म्हणून मागणी स्पष्ट आहे. बॅरन बेटावर कायमची देखरेख हवी आणि तिच्या नोंदी जनतेसाठी खुल्या हव्यात. किनाऱ्यावरच्या सुनामी सरावात ज्वालामुखीच्या लाटेचा प्रसंगही घ्यावा, आणि इशारा वस्तीवस्तीत तमिळमध्ये पोहोचावा. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला हे याच महिन्यात लेखी विचारा.