लहान दाराची लाज कां?

वरच्या वर्गांतील मुलांस "पुढें कोण होणार?" असें विचारलें असतां डॉक्टर व इंजिनिअर हीं जुनीं उत्तरें अजून ऐकूं येतात, परंतु अलीकडे "मी चित्रपट दिग्दर्शक होणार," असेंही एखादा विद्यार्थी न अडखळतां सांगतो. त्याच्या धैर्याचें आम्हांस कौतुकच वाटतें. या लेखास मात्र निमित्त झालें तें एका पालकांचें पत्र.

आमचा एक माजी विद्यार्थी आईबापांबरोबर अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत राहावयास गेला. चित्रकलेची व कथा रचण्याची त्यास पहिल्यापासून आवड. तेथील एका विद्यापीठाच्या चित्रपट-विभागाकडे त्यानें अर्ज केला. तो नामंजूर झाला. तेव्हां तो घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांत दाखल झाला. वडील लिहितात, "मास्तर, गांवीं हें कोणास कळवूं नये. लोक म्हणतील, पोर वाया गेलें." हें वाचून आम्हांस वाईट वाटलें; मुलाबद्दल नव्हे, तर बापाच्या या लाजेबद्दल.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हें आपल्याकडे फारसें ठाऊक नाहीं. अशा सरकारी संस्थांपैकीं सर्वांत जुनी इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघाली. तेथें विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण मिळतें, व दार सर्वांस खुलें असतें. कॅलिफोर्नियानें १९६० सालीं उच्च शिक्षणाची जी योजना आंखली, तींत शाळेंतून वर येणाऱ्या मुलांपैकीं पहिल्या एक-अष्टमांशास राज्याचें मुख्य विद्यापीठ व पहिल्या एक-तृतीयांशास दुसरें विद्यापीठ नेमून दिलें. परंतु उरलेल्यांस वाऱ्यावर सोडलें नाहीं. त्यांनीं कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षें अभ्यास करून तिसऱ्या वर्षास विद्यापीठांत जावें, अशी वाट त्याच योजनेंत ठेविली. म्हणजे हें मागचें चोरदार नव्हे; इमारत बांधतांनाच काढलेलें दुसरें दार आहे.

खर्चाचाही विचार करावा. त्या राज्याच्या रहिवाशास तेथें दर युनिटास ४६ डॉलर शुल्क पडतें. मुख्य विद्यापीठांत बदलून जाण्यास सामान्यतः ६० युनिटें लागतात. म्हणजे दोन वर्षांचें शुल्क २,७६० डॉलर झालें. परदेशांतून शिक्षणासाठीं आलेल्या विद्यार्थ्यांस मात्र पुष्कळच अधिक द्यावें लागतें, हें पालकांनीं विसरूं नये.

जॉर्ज ल्यूकस यांचें उदाहरण घ्या. मोडेस्टो गांवच्या या मुलास मोटारींच्या शर्यतींचें वेड होतें. १९६२ सालीं, शाळा संपण्यास थोडेच दिवस असतां, तो भयंकर अपघातांतून वांचला. पुढें तो गांवच्याच ज्युनिअर कॉलेजांत गेला. तेथें मानववंशशास्त्र व समाजशास्त्र शिकला, व मग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपटशाळेंत दाखल झाला. १९७७ सालीं त्याचा 'स्टार वॉर्स' जगानें पाहिला. मनुष्याच्या समजुती, चालीरीति व दंतकथा यांचा अभ्यास कथा सांगणाऱ्यास वाया गेला, असें कोण म्हणेल?

तथापि एका मोठ्या नांवावरून सर्वांचें भविष्य वर्तवणें ही आपली आपणच केलेली फसवणूक होय. ही वाट खुली आहे, सोपी नाहीं. त्या मुख्य विद्यापीठाच्या सहा शाखा ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यास बदलीच्या प्रवेशाची हमी देतात; परंतु चित्रपट-शिक्षणासाठीं प्रसिद्ध असलेली लॉस एंजेलिसची शाखा त्यांत नाहीं. अशा विभागांत जागा मोजक्या, अर्जदार फार. केवळ गुण पुरत नाहींत. स्वतःविषयीं निबंध, एखाद्या चित्रपटाचें परीक्षण, कथेचा आराखडा, शिक्षकांचीं शिफारसपत्रें, कोठें कोठें स्वतः केलेला लघुपट, असें साहित्य मागवितात. शिवाय कॉलेजांतील प्रत्येक विषय विद्यापीठ मान्य करतेंच असें नाहीं. पहिल्याच सत्रांत सल्लागारास न भेटतां जो आवडेल तो विषय घेतो, त्याचें एखादें वर्ष फुकट जातें.

म्हणून त्या मुलास आम्हीं तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, या दोन वर्षांत इतिहास, वाङ्मय व लेखन मन लावून शिकावें. कॅमेरा चालविणें लवकर येतें, परंतु काय दाखवावें हें लवकर येत नाहीं. दुसरी, लहान कां होईना, चित्रपट करीत राहावें, व दुसऱ्यांच्या चित्रपटांत दिवे धरण्यासही लाजूं नये. तिसरी, एकाच विद्यापीठावर सर्व आशा न ठेवितां चार-पांच ठिकाणीं अर्ज करावा, आणि चित्रपट-विभागानें पुन्हां नकार दिला तरी ज्या विषयाची पदवी घेतां येईल असा एक विषय हातीं राखावा.

आपल्या देशांतही हें कांहीं नवें नाहीं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनांत गेले, व 'राजा हरिश्चंद्र' आला तो १९१३ सालीं. पुण्याच्या फिल्म संस्थेंतील दिग्दर्शनाच्या मुख्य अभ्यासक्रमासही आधीं कोणत्या तरी विषयाची पदवी लागते. तीन वर्षें दुसरें शिकून येणाऱ्यास तेथें कोणी हिणवीत नाहीं. मग या मुलानेंच कां मान खालीं घालावी?

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या कॉलेजाचें नांव शेजाऱ्यास सांगतांना आवाज खालीं आणूं नये. नकाराचें दुःख मुलें सोसतात व विसरतात. परंतु आपल्यामुळें बापास लाज वाटली, हें तीं विसरत नाहींत. त्या वडिलांस आम्हीं उत्तर पाठविलें आहे, कीं आपण सांगितल्याप्रमाणें मुलाचें नांव गांवीं सांगणार नाहीं. मात्र ज्या दिवशीं आपण स्वतः तें अभिमानानें सांगाल, त्या दिवशीं त्याचें निम्में काम झालें असें समजावें.