दादीच्या डब्यातले रुपये

गेल्या महिन्यात पालकसभा संपली आणि दहावीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. सगळे निघून गेल्यावर तिने पदराची गाठ सोडली. आत चांदीचे सात रुपये, तांब्याचे काही पैसे, वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आणि ७८६ आकडा असलेली दहाची एक नोट होती. मग तिने मोबाइल पुढे केला. कुणीतरी या नोटेचे आणि नाण्याचे मिळून नऊ लाख रुपये देऊ केले होते. फक्त आधी 'रजिस्ट्रेशन'चे १,८५० रुपये भरायचे होते.

"टीचर, भरू का? पोरीच्या ॲडमिशनचं भागेल."

आम्ही म्हटले, "बाजी, एक पैसाही भरू नका. आधी बसा."

जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकता येतात, आणि प्रामाणिकपणे विकणारे लोकही आहेत. पण पहिल्यांदा विकायला निघालेल्या माणसाला बाजार भेटण्याआधी ठग भेटतो. म्हणून या वेळी त्याच विषयावर चार गोष्टी.

पहिली गोष्ट फोनची. खरा ग्राहक विकणाऱ्याकडे पैसे मागत नाही, तो पैसे देतो. नोंदणी, जीएसटी, कमिशन, 'रिझर्व्ह बँकेचा दाखला' अशा नावांनी आगाऊ रक्कम मागितली की समजावे, फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरच केले आहे की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि तिच्या नावाने शुल्क घ्यायला तिने कुणालाही नेमलेले नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

७८६ च्या नोटेला आपल्या घरांत मान आहे. ती हौसेने घेणारेही भेटतात. पण लाखांच्या जाहिराती आपल्या त्या भावनेवरच नेम धरून केलेल्या असतात. वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे २०१२ साली निघाले. ते अजून सहज मिळते, त्याला कुणी लाख कशाला देईल?

दुसरी गोष्ट, आपल्याकडे नेमके काय आहे ते ओळखणे. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला, तो लोहचुंबकाला चिकटतो. ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घ्या. वजनात चांगलाच फरक आला तर नाणे नकली असण्याची शंका धरा. नेहमी सापडणाऱ्या सालांच्या रुपयांना चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत येते. काही साले मात्र वेगळी. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही खूप. १९११ च्या रुपयाची कथा तर आपल्याशी जोडलेली आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती त्यात डुकरासारखा दिसतो, अशी मुसलमानांची तक्रार झाली. नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा साचा आला. संग्राहक म्हणून १९११ साल आवर्जून पाहतात.

उर्दू शिकलेल्यांना इथे एक मोठी सोय आहे. मोगली नाण्यांवरचा मजकूर फारसीत असतो. पेशवाईत पुण्यात पडलेल्या अंकुशी रुपयावरही फारसीच. 'ज़र्ब' या शब्दाजवळ टांकसाळीचे गाव, 'जुलूस'जवळ बादशहाच्या राज्याचे वर्ष, आणि बरेचदा हिजरी सालही. 'जुने उर्दू नाणे' असे लिहून टाकणारा आणि गाव, साल, बादशहा नोंदवणारा, या दोघांना सारखी किंमत येत नाही. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या उर्दू शिक्षकाला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथले संग्रहालय मुलांना घेऊन पाहण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची. काही वर्षांपूर्वी मरहूम वालिदांच्या पेटीतले रुपये आम्ही चिंच आणि राख लावून लख्ख घासले. तांब्यापितळेच्या भांड्यांची सवय, दुसरे काय! लिलाव करणाऱ्याने भिंगातून पाहिले आणि मान हलवली. घासल्याचे ओरखडे आले होते, वर्षांनी चढलेला रंग गेला होता. संग्राहकाच्या लेखी ती फक्त चांदी उरली. नाणे घासू नका, धुऊ नका. कडेला धरा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. साधे कोरडे कागदी पाकीट चालेल.

आता विक्री. मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथे नाण्यांचे लिलाव करणाऱ्या परवानाधारक संस्था आहेत. नाणे मोलाचे वाटत असेल तर तिथे द्यावे. द्यायच्या आधी कमिशन किती, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि नाणे विकले गेले नाही तर परतीचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्यावे. स्वतः विकायचे तर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. वजन लिहा. ओरखडा, भोक, दागिन्याला लावल्याची खूण असेल तर तीही लिहा. ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे, आणि नाणे परत आले की व्यवहारही जातो. हरकत नसलेली किमान किंमत ठरवून द्या, नाहीतर एकच बोली आली तर त्या भावाला द्यावे लागेल. किंमत चढवण्यासाठी मेहुण्याला खोटी बोली लावायला सांगू नका. लिलाव जायज आहे, पण घ्यायचे नसताना भाव वाढवणे नाही. पैसे खात्यात आल्याचे बँकेच्या ॲपमध्ये पाहूनच नाणे पाठवा, स्क्रीनशॉटवर जाऊ नका. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढा आणि विमा उतरवून पाठवा.

कायदाही ध्यानात असू द्या. १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. ते परदेशातल्या ग्राहकाला पाठवता येत नाही, मग तो डॉलर देवो की दिरहम. अशा नाण्यांचा नियमित धंदा करायचा तर परवाना लागतो. आणि घराचा पाया खणताना हंडा सापडला तर तो विकायचा नसतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो.

हे सगळे ऐकून बाजी उठायला लागल्या. आम्ही एकच विचारले, "हे रुपये कुणाचे?"

"यांच्या अम्मीचे. त्यांच्या मेहेरचे होते म्हणतात. आता त्या नाहीत."

"मग नणंदेला विचारलंत?"

त्या गप्प झाल्या. मरहूम सासूची वस्तू म्हणजे सगळ्या वारसांची. त्यात मुलीचा वाटा आहेच. आपल्या घरांत शेतजमिनीच्या वाटणीत बहिणीला विसरतात, मग डब्यातल्या रुपयांची काय कथा! पण किंमत यायच्या आधी विचारलेले सोपे जाते. नंतर तोच हिशेब भांडण होतो.

दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, सोबत नणंद. दोघींनी मिळून पाच रुपये विकायचे ठरवले होते, एकेक आपापल्या मुलीसाठी ठेवला होता. त्या पाचांतून लाख येणार नाहीत. ॲडमिशनच्या खर्चाला थोडा हातभार लागेल, इतकेच. ७८६ ची नोट बाजींनी कपाटातच ठेवली आहे. आणि नऊ लाखवाल्याचा नंबर नणंदेनेच ब्लॉक केला.