भिंतीआड दडलेले धर्मगुरू आणि दार उघडणारी माणसे

निकाराग्वातील मातागाल्पाचे बिशप रोलांदो आल्वारेझ यांना ऑगस्ट २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांच्याच निवासस्थानी पंधरवडाभर कोंडून ठेवले व नंतर अटक केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजबंद्यांसोबत देश सोडण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांना २६ वर्षांचा कारावास ठोठावण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची रोमला रवानगी झाली. त्यांच्यावर ठपका होता देशद्रोहाचा. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा शब्द नवा नाही. तो कसा वापरला जातो हे समजून घ्यायचे असेल, तर सोळाव्या शतकातील इंग्लंडकडे वळावे लागते.

राणी एलिझाबेथच्या राजवटीत १५८५ साली एक कायदा संमत झाला. परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. राज्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १५७० साली पोप पायस पाचवे यांनी राणीला बहिष्कृत केले होते आणि स्पेनचे आरमार १५८८ साली इंग्लंडवर चालून आले. त्याआधी कॅथलिक राणी मेरीच्या काळात शेकडो प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले होते. आपल्या बाजूच्या जखमा तेवढ्या मोजणे म्हणजे इतिहास नव्हे. परंतु भीतीपोटी केलेल्या त्या कायद्याने कट रचणारा आणि मिस्सा अर्पण करणारा यांतील भेदच पुसून टाकला.

अशा वेळी कॅथलिक घराण्यांनी आपल्या वाड्यांत धर्मगुरूंसाठी लपायच्या जागा करून घेतल्या. या कामात अग्रणी होते ऑक्सफर्डच्या एका सुताराचे पुत्र, येशूसंघाचे बंधू निकोलस ओवेन. बुटक्या चणीच्या आणि पायाने अधू असलेल्या या कारागिराने सुमारे अठरा वर्षे हे काम केले. दिवसा चारचौघांदेखत साधी सुतारकी, रात्री एकट्याने भिंती पोखरणे. एका घरातील रचना दुसऱ्या घरात शक्यतो पुन्हा करायची नाही, म्हणजे एक जागा सापडली तरी दुसरीचा माग लागू नये. वूस्टरशायरमधील हार्विंग्टन हॉलमध्ये अशा सात जागा आजही पाहता येतात. कुठे जिन्याच्या पायऱ्या उचलाव्या लागतात, तर कुठे एक जाड लाकडी खांब फिरवावा लागतो. त्यांपैकी काही ओवेन यांच्या हातच्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

शोधपथकेही कमी नव्हती. ती खोल्यांची मापे घेत, भिंती ठोकून पाहत, दिवसेंदिवस घरात मुक्काम ठोकत. जानेवारी १६०६ मध्ये, संसद उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यानंतर, हिंडलिपच्या वाड्याला वेढा पडला. ओवेन आणि त्यांचे सोबती राल्फ अ‍ॅशली यांच्यापाशी खाण्यासाठी एक सफरचंद होते. काही दिवसांनी भुकेने व्याकूळ होऊन ते बाहेर आले. दुसऱ्या जागी दडलेले फादर हेन्री गार्नेट व फादर एडवर्ड ओल्डकॉर्न यांना नळीवाटे पातळ अन्न पुरवले जात होते. त्यानंतर तेही पकडले गेले. लंडनच्या टॉवरमध्ये ओवेन यांचा अनन्वित छळ झाला व मार्च १६०६ च्या प्रारंभी तेथेच त्यांचा अंत झाला. कितीतरी घरांचे रहस्य त्यांच्याजवळ होते. त्यांतील एकही त्यांनी उघड केले नाही. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

त्याच दिवशी संतपदी पोहोचलेल्या मार्गारेट क्लिदरो या यॉर्कमधील खाटिकाच्या पत्नी होत्या. त्यांनी धर्मगुरूंना घरात थारा दिला होता. खटला चालला तर मुलांना साक्षीसाठी उभे करतील, म्हणून त्यांनी न्यायालयात जबाबच दिला नाही. १५८६ साली त्यांना वजनाखाली चिरडून मारण्यात आले. धर्मगुरू लपू शकले ते अशा प्रापंचिकांमुळे.

आपल्या मराठी भाषेलाही या छळाचा एक धागा जोडलेला आहे. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. मित्र थॉमस पाउंड यांच्यासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले व पुढे सुमारे तीस वर्षे तुरुंगात राहिले. स्टीफन्स रोमला पोहोचून १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यात आले. मायदेशात ज्यांना लपून राहावे लागले असते, त्यांनी येथे मराठीत ग्रंथ रचला.

निकाराग्वात २०२३ साली धर्मप्रांतांची बँकखाती गोठवण्यात आली, कारितास संस्था बंद पडली, येशूसंघाचे विद्यापीठ जप्त झाले. १५८५ च्या कायद्यामागील हिशेब येथेही दिसतो. धर्मगुरूला एकटे पाडायचे असेल, तर त्याला आधार देणाऱ्यांना धाक बसवायचा. आता भिंती ठोकून पाहण्याचीही गरज उरलेली नाही. खाते आणि पासपोर्ट हाती असले की पुरते.

म्हणून वाचकहो, छळ सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांना दार उघडणाऱ्यांचीही आठवण ठेवू या. आणि उद्या आपल्या दाराशी आसऱ्याला येणारा माणूस आपल्या धर्माचा नसला, तर आपण काय करू, याचाही विचार प्रत्येक ख्रिस्ती घराने आजच करून ठेवावा, असे आम्हांस वाटते.